बाबांनी विचारलं त्या संध्याकाळचे फोटो

प्रिय ढब्बू,

बाबांनी शनिवारी त्यांना लग्नाचं विचारलं, आणि फोटो मी काढले. दोन्ही गोष्टी एका दमात सांगून टाकते, कारण पाकीट फोडल्या फोडल्या तू तेच शोधणार आणि उरलेलं पत्र रागारागात वाचणार. तर आधी पाणी पी. एकोणचाळीस वर्षांच्या, तीन पूल बांधलेल्या माणसाला 'ढब्बू' म्हणायचं नाही असं तू मला मागेच बजावलं आहेस, पण आज मला त्या पूल बांधणाऱ्या साहेबांशी बोलायचं नाहीये. मी ज्याला कडेवर घेऊन जिने चढायचे त्याच्याशी बोलायचंय. फोनवर हे जमलं नसतं. तू 'बरं, ठेवतो' म्हणालास की माझी गाडी तिथेच बंद पडते. शनिवारपासून हातापायाला स्वस्थता नाही बघ. कॅमेऱ्याची बॅग तीनदा रिकामी करून तीनदा भरली, लेन्सा पुसून पुसून आता पुसायला काही उरलं नाही. म्हणून कागद घेतला.

पहिल्यापासून सांगते. महिन्यापूर्वी बाबांचा फोन आला आणि त्यांनी चक्क वेळ मागितली. मला वाटलं दवाखान्याची. तर म्हणाले, तुझी वेळ हवी आहे, तुझ्या दुकानात. माझा स्टुडिओ तू पाहिलेला नाहीस. शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या, खालून दिवसभर शिलाई मशीनची घरघर, एक मोठी खिडकी आणि गिऱ्हाइकांसाठी एक बरी खुर्ची. एरवी आले की बाबा स्टुलावर टेकतात आणि पंख्याचा आवाज का येतोय ते बघायला लगेच उठतात. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, दहा मिनिटं आधी येऊन ते थेट त्या खुर्चीत बसले. 'मी गिऱ्हाईक म्हणून आलोय,' म्हणाले. 'तू ते पोरापोरींचं करतेस ना, लपून फोटो काढतेस, मुलगा विचारतो आणि मुलगी रडते, तसलं. तसं माझं करायचंय.' मी हसले. मग त्यांनी खिशातून आलेख-कागदाची घडी काढली आणि माझं हसणं जागच्या जागी राहिलं. त्यावर पेन्सिलीने सगळा पाण्याकाठचा रस्ता काढला होता. फेरीबोटीचा धक्का, तिकिटाची खिडकी, दिव्याचे खांब, सात बाक, आणि प्रत्येक दोन वस्तूंमधलं अंतर पावलांत. तिसऱ्या बाकावर छोटासा गोल. 'इथे आम्ही. तू कुठे बसायचं ते तू ठरव, तुझा धंदा आहे.'

तुला माहीतच आहे, ते चौतीस वर्षं त्याच पाण्यावरून जा-ये करत होते. रोज सोळा फेऱ्या. पण इंजिनच्या खोलीतून. पाणी त्यांना दिसलंच नाही कधी, ऐकूही आलं नाही, नुसतं इंजिन ऐकलं आणि त्या इंजिनानेच कान खाल्ले. आता ते आणि त्या दर बुधवारी फेरीबोटीच्या वरच्या डेकवर बसून पलीकडे जातात, कॉफी पितात आणि परत येतात. बाबा सांगत होते, 'अगं, पलीकडच्या गोदामांवर संध्याकाळी इतकं ऊन पडतं हे मला ठाऊकच नव्हतं.' एकाहत्तर वर्षांचा माणूस मला उन्हाबद्दल सांगत होता, आणि मी ऊन विकून पोट भरते.

त्यांना तू भेटलेला नाहीस. फोनवर तू त्यांना 'कानवाली' म्हणतोस, त्यावर मला पहिल्यांदा हसू आलं म्हणून ते चालून गेलं आणि मग तेच नाव पडलं. आज खरं सांगते. औषधांच्या दुकानावर त्यांची जागा आहे, तिथे त्या लोकांचे कान तपासतात आणि कानाची मशीनं बसवून देतात. त्रेसष्ट वर्षांच्या आहेत, पांढरे केस पुरुषासारखे बारीक कापलेले, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायची सवय. नवरा पंचवीस वर्षांपूर्वी सोडून गेला, मूलबाळ नाही. बाबा साडेपाच वर्षांपूर्वी मशीन बसवायला तिथे गेले. मग ते जुळवून घ्यायला जात राहिले, मग त्यांच्या दवाखान्याची करकरणारी खुर्ची दुरुस्त करायला, मग दरवाजाचं बिजागर. त्या खोलीत दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा बाबांना कळलं म्हणे, की आपण कशासाठी येतोय.

अंगठीचं ऐक. माप कसं घ्यायचं हा प्रश्न होता. मी म्हटलं, एखादी त्यांची अंगठी हळूच बघून ठेवा. तर त्या अंगठी घालतच नाहीत. बाबांनी काय करावं? ती खुर्ची उगाच पुन्हा खोलली आणि त्यांच्या हातात स्क्रूखालचे वायसर एकामागून एक दिले, 'जरा धरा हो बोटात, हरवतील,' म्हणून. जो नीट बसला तो खिशात टाकून घरी. आम्ही सोनाराकडे गेलो तेव्हा त्याने मखमलीवर अंगठ्या मांडल्या आणि बाबांनी मखमलीवर तो लोखंडी वायसर ठेवला. 'या मापाची.' सोनार माझ्याकडे बघून म्हणाला, 'ताईंना छान दिसेल.' बाबांच्या मशीनमध्ये ते नेमकं स्पष्ट ऐकू आलं आणि ते इतक्या मोठ्याने 'ही माझी मुलगी आहे!' म्हणाले की रस्त्यावरची माणसं वळली.

मी सगळं नीट केलं, ढब्बू. कुणाचंही करते तसं. तीन संध्याकाळी जाऊन उजेड पाहिला. सहा दहा ते सहा पस्तीस, एवढाच वेळ गोदामांच्या मधून ऊन सरळ तिसऱ्या बाकावर येतं, नंतर खांबाची सावली तोंडावर पडते. लपायला तिकिटाची खोली ठरवली, कारण तिकीटवाला बाबांचा जुना सोबती आहे आणि एरवी कुणाला आत घेत नाही. खूण ठरवली की विचारायच्या आधी बाबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवायची. गुडघ्यावर बसायचं नाही, कारण बसलेले बाबा उठणार कसे? आणि आदल्या रविवारी रंगीत तालीम केली. बाकावर त्यांच्या जागी मी बसले. बाबा माझ्या शेजारी, टोपी मांडीवर. म्हणाले, 'मला बोलता येत नाही चांगलं. पण तुम्ही बोलता ते मला ऐकायला आवडतं, आणि उरलेली वर्षं ते ऐकावं असं वाटतं.' एवढंच. पण हे त्यांनी इंजिनरूममध्ये ओरडतात तसं सांगितलं. दोन बाक सोडून बसलेली बाई पिशवी आवळून उठली. मी म्हटलं, बाबा, हळू. तर म्हणाले, 'हळू बोललो की मला खोटं बोलल्यासारखं वाटतं.' मी पुन्हा बोलायला लावलं, पुन्हा, चारदा. चौथ्यांदा जमलं. मी मान फिरवून उजेड मोजायचं यंत्र बघत बसले, कारण आईला त्यांनी असं कधी काही सांगितल्याचं मला आठवत नव्हतं, आणि मला त्याचा राग येतोय की आनंद होतोय हे कळेना.

सोमवारी तुझा फोन आला. तुला बातमी कुणी दिली ते मी विचारत नाही, आत्या गप्प बसेल तर आत्या कसली. तू जे म्हणालास ते अजून कानात आहे. 'आई वीस वर्षं सांगत होती, मशीन लावा, मशीन लावा. तिच्यासाठी यांना कान नव्हते. ती गेल्यावर चार महिन्यांत कान आले, आणि आता त्या कानांचं लग्न लावायचंय.' मग म्हणालास, 'ताई, तू तिथे आहेस. काहीतरी कर.' मी 'बघते' म्हणाले. तुझ्यामाझ्यात त्या दुपारबद्दल कधी सरळ बोलणं झालेलं नाही. आई स्वयंपाकघरात खाली बसली होती, छातीत कळ, तिने हाका मारल्या असणार. बाबा मागच्या गॅलरीत टेबलफॅन खोलून बसले होते, दहा-बारा पावलांवर. ते पाणी प्यायला आत आले ते पाऊण तासाने. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर सांगता आलं असतं काहीतरी. तू दुसऱ्या दिवशी विमानातून उतरलास, ते ऐकलंस, आणि बाबांशी जे बोलायचं बंद केलंस ते आजपर्यंत. 'कसे आहात', 'बरा आहे', 'ताईला द्या'. सहा वर्षं एवढंच. मी मधे उभी राहून दोन्हीकडचे निरोप देत राहिले आणि सगळ्यांना वाटलं, ताई घर सांभाळतेय.

तुझ्या त्या 'काहीतरी कर' ने मी मंगळवार-बुधवार नुसती येरझारा घालत होते. एका लग्नाचा अल्बम लावायला घेतला तर नवरीच्या जागी दुसऱ्याच नवरीचा फोटो चिकटवला. गुरुवारी मी कानांच्या दवाखान्यात गेले. तोवर त्यांची माझी गाठ कधी पडली नव्हती, म्हणून खरं नाव दिलं नाही. कान तपासायचेत म्हटलं. त्यांनी मला त्या आवाजबंद खोलीत बसवलं, कपाटाएवढी खोली, आतून सगळीकडे स्पंज. कानांवर हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला मोठे मोठे सूर, मग बारीक, मग इतके बारीक की आला की आला नाही ते कळू नये. मधल्या शांततेत आपलं रक्त ऐकू येतं रे. मी बटण घट्ट धरून बसले. काचेपलीकडे त्या माझ्याकडे न बघता कागदावर खुणा करत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, 'उत्तम कान आहेत तुमचे. एकही सूर चुकला नाही.' आणि मग कागदाची घडी घालत, 'वडिलांसारखीच आठी पडते कपाळावर. बसा ना. कशासाठी आलात?'

मी बसले नाही. उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं. शनिवारी बाबा तुम्हाला मागणी घालणार आहेत, तिसऱ्या बाकावर, मी तिकिटाच्या खोलीत लपलेली असणार आहे. महिनाभर जपलेलं गुपित मी दोन वाक्यांत संपवलं. वर म्हटलं, हो म्हणण्याआधी तुम्हाला माहीत असायला हवं की आमची आई कशी गेली. तुम्ही ज्यांचे कान दुरुस्त केलेत त्यांना ती हाका मारत होती. हे बोलताना माझा आवाज अगदी तुझ्यासारखा झाला होता, मला स्वतःलाच ओळखू आला. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. शेवटी एवढंच म्हणाल्या, 'मला माहीत आहे. पहिल्या दिवशी आले तेव्हा मी नाव विचारलं, तर नाव सांगायच्या आधी त्यांनी हे सांगितलं.' त्यापुढे त्या आणखी काही बोलल्या. ते मी आत्ता नाही लिहू शकत. शनिवारचं संपवते, मग लिहिते. या पत्रात लिहिते, घाबरू नकोस, टाळत नाहीये.

शनिवारी एक गोष्ट ठरल्यासारखी झाली असेल तर शपथ. वारा असा की पाण्यावरून तुषार थेट रस्त्यावर. मी पाच वाजताच तिकिटाच्या खोलीत जाऊन बसले, मोठी लेन्स खिडकीच्या कोपऱ्यातून बाहेर. तिकीटवाला काका चहा आणायला गेले ते गेलेच, आणि लोक मलाच तिकिटं मागायला लागले. एका आजोबांनी तर लेन्सवर नाणी टेकवली, 'दोन द्या, खिडकीजवळची.' मी त्यांना 'काका येतील, थांबा' म्हणते तोवर तिसऱ्या बाकावर एक तगडा माणूस येऊन पसरला आणि मोजे काढून वाळत घातले. सहा वाजले. मला वाटायला लागलं, बरंच झालं, नको व्हायला. त्या येणारच नाहीत. मी गुरुवारी जे केलं त्यानंतर कोण येईल? आणि तेच तर मला हवं होतं ना? मग मी दर मिनिटाला घड्याळ का बघत होते? सहा आठला बाबा दिसले. कोट, टोपी, खिशावर हात. त्यांनी त्या मोजेवाल्याला काहीतरी सांगितलं. त्यांच्या 'हळू' बोलण्यातलं काहीतरी, कारण तो माणूस मोजे हातात घेऊन, बाबांची पाठ थोपटून हसत हसत पुढच्या बाकावर गेला. आणि सहा अकराला त्या आल्या. निळा स्कार्फ बांधला होता, आणि चाल शांत, औषध घ्यायला निघाल्यासारखी.

मी असली कामं शंभराच्या वर केली आहेत, ढब्बू. जिला काहीच माहीत नाही तिचा चेहरा मला झोपेतही ओळखता येतो. ज्यांना माहीत असतं त्या आधी केस सावरतात. त्यांनी केस सावरले नाहीत. बाकावर बसायच्या आधी त्यांनी एकदा तिकिटाच्या खिडकीकडे, सरळ माझ्या लेन्समध्ये पाहिलं. रागाने नाही, हसूनही नाही. तू आहेस ना तिथे, असं. आणि मग बाबांकडे वळल्या. मी लेन्स बाबांवर आणली. तेवढ्यात वाऱ्याने बाबांची टोपी उडवली, ती रस्त्यावरून घरंगळत पाण्यात. आता खूण कसली येणार! मी नुसतीच शटर दाबत राहिले. बाबांचे ओठ हलायला लागले, अंगठीची डबी बाहेर आली, आणि नेमकी सहा पंधराची फेरीबोट धक्क्याला लागली आणि तिने भोंगा दिला. तो भोंगा कानाच्या मशीनमध्ये म्हणजे कानात खिळा ठोकल्यासारखं असतं. बाबांनी कळवळून दोन्ही मशीनं उपटून काढली. पण बोलायचे थांबले नाहीत. चार वेळा घोटून घेतलेलं वाक्य, ते मधे थांबवायचं कसं हे त्यांना माहीतच नव्हतं. तालमीचं सगळं पाण्यात गेलं, बाबा इंजिनरूमच्या आवाजात ओरडले. भोंगा थांबला तरी ते ओरडतच होते, आणि 'उरलेली वर्षं ते ऐकावं असं वाटतं' हे धक्क्यावर उतरणाऱ्या दीडशे माणसांनी ऐकलं. माणसं थबकली. त्या काहीतरी बोलल्या. बाबांना ऐकू आलं नाही. ते त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, एका हातात डबी, दुसऱ्या मुठीत मशीनं, आणि बाबांच्या चेहऱ्यावर जी भीती आली ती मी लेन्समधून इतक्या जवळून पाहिली की मला कॅमेरा खाली ठेवावासा वाटला. कुणीतरी काही सांगतंय आणि आपल्याला ऐकू येत नाहीये, याची भीती.

त्यांनी मुठीतलं एक मशीन काढून घेतलं, स्कार्फच्या टोकाने पुसलं, बाबांचं डोकं अलगद आपल्याकडे वळवलं आणि ते कानात बसवलं. मग दुसरं. घाई नाही, गर्दीकडे लक्ष नाही, रोजच्या हाताने. मग बोट त्या कानाशीच ठेवून तेच पुन्हा सांगितलं. मला त्यांचा शब्द ऐकू आला नाही, पण बाबांनी मान हलवलेली दिसली, आणि मग ते रडले. आपण दोघांनी बाबांना कधी रडताना पाहिलेलं नाही, आई गेली तेव्हाही नाही. मोजेवाल्याने टाळ्या सुरू केल्या आणि सगळा धक्का वाजवायला लागला. त्या बाबांचे कान बसवत असताना मी अकरा फोटो काढले आहेत. इतक्या वर्षांच्या कामात यापेक्षा चांगलं काही माझ्या हातून झालेलं नाही, आणि ते त्या बोटीच्या येण्यानं झालं, माझ्या हुशारीनं नाही.

घरी आल्यावर बाबा पोराटोरासारखे खोलीभर फिरत होते. मी विचारलं, काय म्हणाल्या त्या? 'हो म्हणाल्या. पण दोन्ही मुलं समोर हवीत म्हणाल्या. तारीख ढब्बू ठरवेल.' आणि मग माझ्याकडे न बघता, 'तू सांग त्याला. मी सांगितलं तर ठेवून देईल.' रोज फोन करून विचारतात, फोटो झाले का? मी म्हणते, रंग सुधारतेय. रंगांना काही झालेलं नाही. फोटो द्यायला गेले तर बाबांच्या समोर बसावं लागेल, आणि त्यांच्या समोर बसायचं तर आधी तुझ्याशी हे बोलायला हवं.

तर गुरुवारचं उरलेलं. त्या म्हणाल्या, 'त्यांनी मला हे कुणाला सांगू नका म्हणून सांगितलं होतं, आणि मी आज ते मोडतेय. ही चूक माझी. पण तुम्ही सगळं त्यांच्यावर ढकलायला इथवर आलात म्हणून बोलते.' आणि मग, 'बाईंनी त्यांना हाका मारल्या. ते आले नाहीत तेव्हा बाईंनी मुलीला फोन लावला. दोनदा. मुलगी कामात होती. तुमच्या वडिलांनी बाईंचा फोन जमिनीवरून उचलला तेव्हा ते पाहिलं, आणि मुलगा यायच्या आत ते पुसून टाकलं.' ढब्बू, ती मुलगी मी. त्या दुपारी मी कुणाचं तरी असंच लग्नाचं विचारणं टिपत होते, एका पुलाखाली झुडपात बसून. लपलेलं असताना फोनचा आवाज बंद, हा माझाच नियम. खिशात फोन थरथरला तो मला कळला होता. एकदा कळला, दुसऱ्यांदाही कळला. मी काढून पाहिलं, 'आई' असं होतं, आणि मी तो परत खिशात ठेवला, कारण मुलगा त्याच क्षणी गुडघ्यावर बसत होता. तासाभराने मी उलट फोन केला तेव्हा शेजारच्या काकूंनी उचलला. त्यानंतर मीही माझ्या फोनमधून ते दोन्ही पुसले. तू आईचा फोन घेऊन सगळ्या नातेवाइकांना कळवत बसला होतास तेव्हा मी दारात उभी राहून तुझ्या बोटांकडे बघत होते, की आता तुला दिसेल. तुला दिसलं नाही. का दिसलं नाही हे मला सहा वर्षं कळलं नाही, आणि न कळणंच सोयीचं होतं. तू बाबांशी बोलायचं सोडलंस, आणि मी निरोप्याचं काम पत्करलं, कारण मधे उभं राहिलं की कुणी आपल्याला प्रश्न विचारत नाही. बाबांनी उत्तम ऐकू येणाऱ्या मुलीसाठी बहिऱ्याचा सगळा दोष एकट्याने घेतला आणि तुझ्यासारखा मुलगा घालवला, आणि तिने तो घेऊ दिला. हे सांगण्यासाठी पत्र लिहिलं. बाकी सगळं, वायसर, टोपी, भोंगा, इथवर यायला धीर गोळा करत होते. पत्र टाकून येते आणि तशीच बाबांकडे जाते, फोटो घेऊन, आणि हे त्यांनाही सांगते. मला माहीत आहे हे त्यांना कळू दे. तू हे वाचशील तेव्हा ते झालेलं असेल. राग हवा तेवढा माझ्यावर काढ, महिनोन्महिने बोलू नकोस, मी मधून निघून जाते. पण बाबांना फोन कर, 'ताईला द्या' म्हणू नकोस, आणि त्यांना तारीख सांग.

तुझीच,
ताई